तोंडदेखला घोट

पाल्मीराने एकावन्नाव्या वर्षी लग्न ठरवलं याचा शारेत्तांच्या घरात सगळ्यांनाच आनंद झाला होता. फक्त तो कुणाच्या तोंडावर दिसत नव्हता.

त्यात दिवस नोव्हेंबरातल्या सान मार्तीनोच्या सणाचा. रोक्कास्पार्ता गावात त्या दिवशी घरोघरी नव्या वाइनची पिंपं फोडतात, पण शारेत्तांकडे वाइनला कोण विचारतो? तिथे पाल्मीराचे वडील, म्हातारे दोनातो, तळघरातून वर्षाचा नवा अमारो, म्हणजे मुळं आणि साली मुरवून केलेली कडू दारू, वर आणतात, जेवणानंतर घरच्यांच्या हाती एकेक छोटा ग्लास देतात आणि सोमवारपासून तो बाटल्यांत भरायला घेतात. नाताळात अर्धा आब्रुत्सो प्रांत जेवणावर आपलाच अमारो पितो, असं थोरला मुलगा एव्हांद्रो सांगत फिरे. एव्हांद्रोच्या सांगण्यातून निम्मं वजा करून ऐकायची देल्फीनाला लग्नापासूनची सवय होती. ती धाकट्याची, बेरार्दोची बायको. पेस्काराहून, समुद्रकाठच्या मिठाईवाल्याच्या घरातून, ती या डोंगरात आली त्याला सोळा वर्षं झाली होती.

ईस्टरपासून तिचं आणि थोरल्या जावेचं, लोरेताचं, धड बोलणं नव्हतं. कारण सरळ होतं. ईस्टरच्या जेवणात सासऱ्यांनी जाहीर केलं होतं, की मिश्रणाच्या खोलीची किल्ली आपल्यानंतर कुणाकडे जाणार हे सान मार्तीनोला सांगेन. डोंगरातली मुळं, झाडांच्या साली, संत्र्याची टरफलं, सगळं वेगवेगळ्या पिंपांत दारूत मुरत पडलेलं असे. कशातलं किती घ्यायचं आणि पाक कुठे थांबवायचा हे त्या खोलीत ठरे. ज्याच्या हाती ती किल्ली, त्याची कंपनी. त्या दिवसापासून दोन्ही सुनांनी एकमेकींना फक्त मीठ आणि पाव पुढे करताना हाक मारली होती.

पण पाल्मीराच्या होणाऱ्या नवऱ्याने, जनावरांच्या डॉक्टरने, चमत्कार केला. तो येणार म्हटल्यावर दोघी सकाळपासून स्वयंपाकघरात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

"जनावरांचा डॉक्टर आहे म्हणे," लोरेता चीज कापता कापता म्हणाली. "मग पाल्मीराला त्यानेच शोधून काढलं असेल."

"तोरिनोचा आहे, उत्तरेकडचा. तिकडे नीट बघून, पारखून मग हात मागतात."

"या वयात हात कोण मागतो, देल्फीना? वाटा मागतात."

दोघी मनापासून हसल्या. देल्फीनाला वाटलं, ही बाई वाईट नाही. मग लोरेताने तिच्या पातेल्यातल्या कोकराच्या रश्शाची चव घेतली, काही न बोलता त्यात मीठ टाकलं, आणि ते वाटणं तिथल्या तिथे संपलं.

डॉक्टर ओत्तोरिनो वेळेवर आला. ठेंगणा, गोल, जाड कापडाच्या कोटातला विधुर. हात एवढे मोठे की सासऱ्यांचा हात त्यात दिसेनासा झाला. चॉकलेटचा डबा आणला होता, तो त्याने स्वतःच उघडून सगळ्यांपुढे फिरवला. पाल्मीरा त्याच्या शेजारी ताठ बसली होती. आई गेल्यापासून हे घर तिने चालवलं होतं, भाऊ आणि भावजया जेवायला येत आणि जेवून जात. आज पहिल्यांदा तिने स्वतः वाढलं नव्हतं, आणि कोण कसं वाढतंय याकडे तिचं बारीक लक्ष होतं.

जेवणभर दोघा भावांनी डॉक्टरची उलटतपासणी घेतली. घर स्वतःचं आहे का, मुलं किती, तोरिनो सोडून डोंगरात राहवेल का, निवृत्तीनंतर धंद्यात पडायचा विचार आहे का. इतर दिवशी बेरार्दो आणि एव्हांद्रो एकमेकांचं वाक्य तोडण्यात आयुष्य घालवत. आज एकाने विचारलं की दुसरा त्याची री ओढत होता. डॉक्टर शांतपणे उत्तरं देत होता आणि पास्ता पुन्हा मागून घेत होता. धंद्यातलं आपल्याला काही कळत नाही, तो म्हणाला, मला गायी कळतात. एव्हांद्रोच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. मग एव्हांद्रोने कंपनीच्या टीव्हीवरच्या जाहिरातीबद्दल सांगायला घेतलं. जाहिरात अजून झालेली नव्हती, पण तिच्यात तो स्वतः डोंगरावर उभा राहून कुठेतरी लांब बघणार होता, एवढं नक्की ठरलं होतं.

म्हातारे दोनातो टेबलाच्या डोक्याशी मुकाट्याने जेवत होते. फेब्रुवारीत तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हापासून ते बदलले होते. पूर्वी सूपमध्ये अजमोदा जास्त झाली तर बशी परत जायची, चीज एक दिवस जुनं असलं तर पाल्मीराला दुकानात परत पाठवलं जायचं. आता समोर येईल ते खात. लोरेता रविवारी घरून रस्सा करून आणे, तिच्या मते हा तिच्या हाताचा गुण होता. देल्फीनाच्या मते म्हातारपणी माणूस मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या माणसाकडून किल्ली काढून घेणं सोपं जातं.

आणखी एक गोष्ट बदलली होती. आयुष्यभर अमारो मिसळताना कुणालाही न विचारणारे दोनातो मार्चपासून घरच्यांना खाली बोलावू लागले होते. कधी एकाला, कधी सगळ्यांना. छोटा ग्लास हातात देत आणि विचारत, "कसं झालंय?" आणि ईस्टरच्या त्या घोषणेनंतर हा प्रश्न सोपा राहिला नव्हता. ही परीक्षा आहे हे सांगायची कुणाला गरज नव्हती. एव्हांद्रो ग्लास खिडकीकडे धरून रंग बघे, घोट घेई आणि "चवीला खोली आली आहे, पपा," म्हणे. लोरेताला घोट गिळल्यावर डोळ्यांपुढे मायेल्लाचा अख्खा डोंगर उभा राहिल्याचा भास होई. बेरार्दो नुसती मान डोलावे, पण इतका वेळ डोलावे की देल्फीनाला टेबलाखालून त्याला थांबवावं लागे.

देल्फीनाचं प्रकरण वेगळं होतं. कॉफीत तीन चमचे साखर घालणारी बाई. साखरपुड्याच्या दिवशी तिने या घरात पहिला अमारो घेतला तेव्हा तिचं तोंड असं काही झालं होतं, की दोनातोंनी हसता हसता डोळे पुसले होते. पुढे दर वर्षी तिचा घोट हा घरातला एक खेळच होऊन बसला. मुलंसुद्धा बघायला जमत. पण नवऱ्याच्या हाती किल्ली यायची तर सुनेने कंपनीच्या मालाला नाक मुरडून कसं चालेल? म्हणून ईस्टरनंतर तिने आरशासमोर सराव केला. श्वास रोखायचा, घोट जिभेवरून घरंगळत सोडायचा, गिळायचा आणि भुवया जराशा उंचावून हसायचं. बेरार्दोने तिला दोनदा सांगितलं, इतकं नको हसूस, खोटं वाटतं. हळूहळू ते खरं वाटायला लागलं. लोरेताच्या मायेल्लापेक्षा आपलं हसू कितीतरी सरस आहे, हे तिला मनातल्या मनात माहीत होतं.

अमारो मात्र दिवसेंदिवस बिघडत चालला होता. मेमध्ये त्याला औषधाच्या कपाटाचा वास यायला लागला. ऑगस्टमध्ये तो प्यायला की लोखंडी कडी चाटल्यासारखं वाटे. हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

पाल्मीराने फळांच्या बशा उचलल्या. दोनातोंनी नवी बाटली टेबलावर ठेवली, बिनलेबलाची, जवळजवळ काळी. ग्लास भरले आणि पहिला पाहुण्याच्या हाती दिला. तो मान पाहुण्याचाच.

डॉक्टरने बऱ्यापैकी मोठा घोट घेतला आणि तो तसाच थांबला. गिळायला त्याला वेळ लागला. मग त्याने रुमाल काढून ओठ पुसले.

दोनातो थोडे पुढे झुकले. "कसं वाटलं, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरने मनापासून विचार केला. समोर आजारी जनावर असतं तेव्हा तो असाच विचार करत असणार.

"पोटफुगीवर उत्तम आहे," तो म्हणाला. "गायींना मीही हेच कडू मूळ देतो. फक्त त्यात काकवी घालतो, नाहीतर गाय लाथ मारते."

बेरार्दोचा ग्लास ओठांपाशी होता, तो तिथेच राहिला. डॉक्टरला आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं. त्याने पाल्मीराकडे बघितलं, आणि जे होतं ते सांगून टाकलं.

"माफ करा. मला वाटलं आधी औषध आहे, अमारो नंतर येणार आहे."

एव्हांद्रोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने खुर्ची मागे सरकवून भाषण सुरू केलं. उत्तरेकडच्या माणसांना सरबतं प्यायची सवय, त्यांना डोंगराचा कडवटपणा काय कळणार, चार पिढ्यांची मेहनत गायीच्या पोटाशी नेऊन बांधणारा माणूस या घराचा जावई व्हायला निघाला आहे, वगैरे. बेरार्दो प्रत्येक वाक्यावर मान हलवत होता. लोरेता म्हणाली, काही लोकांची जीभच तयार नसते, त्यांचा दोष नाही. देल्फीनाने आपला ग्लास उचलला, श्वास रोखला, रिकामा केला, आणि भुवया उंचावून हसली. अशा वेळी बोलण्यापेक्षा हे जास्त बोलतं, असा तिचा हिशोब होता.

दोनातोंनी हात वर केला. एव्हांद्रो वाक्य अर्धं टाकून बसला.

"पाल्मीरा," म्हातारा म्हणाला, "तू सांग."

पाल्मीरा बशा हातात घेऊन उभी होती. तिने त्या सावकाश खाली ठेवल्या. डॉक्टरला घरचे नियम आधी सांगायला ती विसरली होती की तिने मुद्दाम सांगितले नव्हते, हा प्रश्न देल्फीनाच्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा आला.

"पपा, डॉक्टर सभ्य माणूस आहे म्हणून लाथ मारली नाही. मेपासून हे पिण्यासारखं राहिलेलं नाही."

मग जे सुरू झालं ते नीट सांगणं कठीण आहे, कारण सगळे एकदम बोलत होते आणि प्रत्येकाची बाजू मिनिटामिनिटाला बदलत होती. एव्हांद्रो पाल्मीरावर घसरला: तुला कळत होतं तर सहा महिने गप्प का बसलीस? पाल्मीरा म्हणाली, मला कुणी विचारलं का, मला तर फक्त ग्लास धुवायला बोलावलं जायचं. बेरार्दोला एकदम आठवलं, की आपण ऑगस्टमध्येच एव्हांद्रोला गोडाऊनच्या दारात म्हणालो होतो, यंदा जमलेलं नाही. एव्हांद्रो म्हणाला, असं काही झालं नाही. लोरेता म्हणाली, झालं होतं, मी तिथे होते. हे बोलून गेल्यावर आपण कुणाची बायको आहोत हे तिच्या लक्षात आलं. नवऱ्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याला जाहिरातीत डोंगरावरून लांब बघताना उपयोगी पडली असती.

"मग पपांना का नाही सांगितलंस?" एव्हांद्रोने भावाला विचारलं.

"तू का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं आणि ते म्हाताऱ्याच्या जाकिटाच्या खिशात, साखळीला लटकत होतं.

दोनातो सगळ्यांचं ऐकत होते. आवाज खाली बसला तेव्हा ते बोलले. हवापाण्याचं सांगावं तसं, सरळ.

"मला फेब्रुवारीपासून चव नाही. तापात गेली ती आलीच नाही. वासही नाही. समोर काय आहे ते बघून कळतं, तोंडात घालून कळत नाही. लोरेता, तू रस्सा करपवतेस, ते मला एव्हांद्रोच्या तोंडावरून समजतं."

लोरेताने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलक्लॉथची घडी नीट करत होता.

"मी तुमची परीक्षा घेत नव्हतो," म्हातारा म्हणाला. "मला कळत नव्हतं म्हणून विचारत होतो."

डॉक्टर ओत्तोरिनोने हळूच विचारलं, कुणा डॉक्टरला दाखवलं का. आणि मग स्वतःच पुढे म्हणाला, म्हणजे माणसांच्या. दाखवलं, दोनातो म्हणाले, लांब लांच्यानोला जाऊन दाखवलं, कुणाला कळू नये म्हणून. येईल म्हणाला, किंवा येणार नाही.

बेरार्दोने वडिलांच्या हातावर हात ठेवला. देल्फीनाच्या मनात आलं, आता याला हे सुचलं. आणि पुढच्या क्षणी मनात आलं, की एव्हांद्रोच्या आधी सुचलं हे बरं झालं. तिची ही मनातली करवत दोन्ही बाजूंनी चालत असे, आणि आजवर तिने स्वतःला कधी कापलं नव्हतं. दोनातोंनी मुलाच्या हाताखालून आपला हात काढून घेतला आणि ते तिच्याकडे वळले.

"यांचं मला काही वाटत नाही. ही माझी मुलं आहेत, किल्ली दिसली की मला आवडेल ते बोलणारच. मी यांच्या तोंडाकडे बघतच नव्हतो. मी तुझ्याकडे बघत होतो, पोरी."

देल्फीनाच्या ओठांवर ते सरावाचं हसू अजून होतं. ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"सोळा वर्षं मी तुला घोट घेताना बघतोय," ते म्हणाले. "नेमका जमला असला की तुझा डावा डोळा मिटतो. जास्त कडू झाला की दोन्ही. पाक वाढला की नुसतं नाक वर जातं. घरात दुसरं कुणाचं तोंड खरं बोलत नाही, तुझं बोलायचं. चव गेली तेव्हा मी म्हटलं, देल्फीना आहे ना. मार्चमध्ये सगळं ठीक चाललं होतं. ईस्टर झालं आणि तू हसायला लागलीस."

"पपा..."

"मला वाटलं कडू कमी पडतंय. मूळ वाढवलं. तू अजून हसलीस. मी अजून वाढवलं. उन्हाळाभर तुझा एक डोळा मिटावा म्हणून मी पिंपात मुळाचा अर्क ओततोय, आणि तू आपली हसतेयस."

डॉक्टरला खोकला आला. तो हसू दाबण्याचा खोकला होता हे सगळ्यांना कळलं. लोरेताचं तोंड जेवणानंतर पहिल्यांदा उजळलं. म्हणजे बघा, ती म्हणाली, एवढा मोठा माल कुणामुळे गेला ते. कंपनी बुडवायला बाहेरचा जावई कशाला हवा होता. पाल्मीराने तिला एवढंच विचारलं, की तुझ्या डोळ्यांपुढे जो डोंगर उभा राहत होता तो आज कुठे गेला.

देल्फीनाला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी करता आलं असतं. गेले सहा महिने रोज तिने मनातल्या मनात या घरातल्या एकेकाची सालं काढली होती: एव्हांद्रोची खोली, लोरेताचा डोंगर, आपल्या नवऱ्याची मान. सगळे खोटारडे, सगळे लाळघोटे. आणि म्हातारा या सगळ्यांकडे पाठ फिरवून तिच्या एकटीच्या तोंडावर विसंबून बसला होता. त्यांच्या खोटेपणाने कुणाचंच काही बिघडलं नव्हतं, कारण त्यावर कुणी विश्वासच ठेवला नव्हता.

तळघरातलं पिंप बाटल्यांत भरायचं नाही, दोनातो म्हणाले. एव्हांद्रो हादरला. व्यापाऱ्यांना शब्द दिलाय, तो म्हणाला, पोस्टर छापून झालेत, नाताळ तोंडावर आलाय. म्हाताऱ्याने उत्तर दिलं, पोस्टर पाज त्यांना. पिंपात पाक आणि संत्र्याची साल वाढवून काही सावरता येईल. पण त्यासाठी कुठे पोचायचं ते माहीत हवं. "गेल्या वर्षीचा कसा होता ते सांगा मला. मला आठवतो, पण आठवण आणि जीभ दोन्ही लागतात. कुणीतरी सांगा."

कुणीच सांगेना. एव्हांद्रो म्हणाला, खोल होता. बेरार्दो म्हणाला, आजच्यापेक्षा चांगला होता. लोरेता डॉक्टरच्या चॉकलेटच्या डब्याकडे बघत राहिली. देल्फीनाने आठवायचा खूप प्रयत्न केला. काहीच आठवेना. सोळा वर्षं तिने त्या घोटातून लवकरात लवकर सुटायचं एवढंच पाहिलं होतं. तोंड वाकडं झालं ते खरं, पण कशाने झालं याची चौकशी तिने कधी केली नव्हती. चार पिढ्यांच्या अमारोची चव, तो बनवणाऱ्या म्हाताऱ्याखेरीज, घरात कुणालाही माहीत नव्हती. पाल्मीराने तेव्हाच सांगून टाकलं, की एव्हांद्रोच्या ऑफिसच्या कपाटात नदीपलीकडच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या बाटल्या असतात आणि त्या रिकाम्या होतात.

"गेल्या वर्षीची बाटली काढ," दोनातो तिला म्हणाले.

घरात बाटली नव्हती. विकायच्या विकल्या होत्या, द्यायच्या दिल्या होत्या. प्यायला म्हणून कुणी ठेवलीच नव्हती.

म्हाताऱ्याने खुंटीवरची टोपी काढली. एव्हांद्रो आणि बेरार्दो दोघेही उठले, पण त्यांनी हातानेच त्यांना खाली बसवलं. "देल्फीना, कोट घे." दारात ते थांबले आणि मागे वळून एवढंच म्हणाले, की किल्ली आता मी मरेपर्यंत माझ्याच खिशात राहील, ती द्यायचं बोललो तीच चूक झाली, त्या दिवसापासून या घरात कुणी खरं बोललेलं नाही. मग डॉक्टरकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा. तुम्ही घरचेच."

चौकात ऊन होतं, पण वारा बोचरा होता. भाजलेल्या चेस्टनटचा धूर चौकभर पसरला होता. दोनातोंनी सवयीने तो छातीभर ओढून घेतला आणि पुढे चालू लागले. देल्फीना एक पाऊल मागे होती. चालताना तिला काहीतरी बोलायचं होतं. माफ करा म्हणायचं होतं, पण हा शब्द आज डॉक्टरने चांगल्या कामाला वापरला होता, तिच्या तोंडी तो पुन्हा तोंडदेखलाच वाटला असता.

साबातीनोच्या बारमध्ये चार माणसं पत्ते खेळत होती. शारेत्ता स्वतः आपल्या अमारोचा ग्लास मागायला आलाय हे ऐकून साबातीनोने आधी आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवर शोधायला लागला. पुढच्या रांगेत नदीपलीकडच्या कंपनीच्या बाटल्या होत्या.

"मागणी जरा कमी आहे, दोनातो," तो वरूनच म्हणाला.

"एव्हांद्रो तर म्हणतो अर्धा आब्रुत्सो पितो."

"तो दुसरा अर्धा असेल."

बाटलीवरची धूळ त्याने फडक्याने पुसली, गेल्या वर्षीचंच लेबल आहे हे दाखवलं आणि ग्लास भरला. दोघं खिडकीपाशी बसले. देल्फीनाने ग्लास उचलला आणि सहा महिन्यांच्या सवयीने छाती भरून श्वास रोखला.

"श्वास सोड," सासरे म्हणाले. "नाकाशिवाय काय कळणार? मला विचार."

तिने श्वास सोडला. घोट घेतला, आणि तोंडात ठेवला. पत्तेवाल्यांपैकी दोघे खेळ थांबवून तिच्याकडे बघत होते. तिने गिळलं.

"कडू," ती म्हणाली.

"कडू मलाही माहीत आहे. आधी काय?"

"आधी कडूच."

"नाही. परत घे."

तिने परत घेतला. या वेळी ती थांबली. बोलली तेव्हा आवाज थोडा वेगळा होता.

"संत्र्याची साल. ताजी नाही. आमच्या दुकानात वडील पाकात घालायचे, तेव्हा कढईच्या बुडाला जी लागायची, ती. आम्ही मुलं ती खरवडून खायचो."

दोनातोंनी डोळे मिटले. "पुढे?"

"पुढे ज्येष्ठमध. नाही, थांबा. बडीशेप. आणि मग कडू येतं, पण आजच्यासारखं अंगावर धावून येत नाही. जिभेच्या मागून येतं, सावकाश. आधी वाटतं आलंच नाही, आणि मग सगळीकडे तेच असतं."

"ते मूळ. मायेल्लाच्या उत्तरेकडचं. आणि गिळल्यावर?"

देल्फीना थांबून राहिली. काय लागतं ते लागू दिलं. सोळा वर्षांत तिने या जागी पाण्याचा ग्लास शोधला होता.

"गिळल्यावर जात नाही," ती म्हणाली. "पण नकोसंही वाटत नाही. तोंड धुतल्यासारखं होतं. आत्ता एवढं जेवलेय, आणि भूक लागेल असं वाटतंय." तिचं तिलाच नवल वाटलं. "चांगला आहे हो हा. पपा, हा खरंच चांगला होता."

बोलून झाल्यावर ती दचकली. इतक्या वेळा खोटं म्हटलेलं वाक्य होतं ते. म्हाताऱ्याला ते कसं वाटलं असेल म्हणून तिने वर पाहिलं. दोनातोंचे डोळे अजून मिटलेले होते. ओठ बारीक हलत होते, गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यांच्यापुढे ग्लास नव्हता. तोंडात काही नव्हतं, तरी ते गिळत होते.

पलीकडे कुणीतरी पत्ता टेबलावर आपटला.

"दालचिनी सांगितली नाहीस," ते डोळे न उघडता म्हणाले.

"दालचिनी नाही लागली."

"आहे. अगदी शेवटी. मी घातली होती."

"नाही लागली, पपा. खरं सांगतेय."

त्यांनी डोळे उघडले, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि साबातीनोला बाटली टेबलावरच आणून ठेवायला सांगितलं.